मागचं फाटक

सोमवार, 6 डिसेंबर 2021

आईला इकडे आणून तीन महिने झाले. सदाशिव पेठेत तिच्या दिवसाला चार खेपा व्हायच्या: दूध, देऊळ, दळण, भाजी. एकाही खेपेला ती ‘चालायला जाते’ म्हणाली नाही. इथे आठवड्यातून एकदा खाली उतरली तर उतरली. काल मी जरा चिडूनच विचारलं, “लिफ्ट आहे, बाग आहे, मग जात का नाहीस?” म्हणाली, “अगं, बागेत गोल गोल फिरून करू काय? आणि बाहेर पडावं तर नुसती भिंत.”

बुधवार, 8 डिसेंबर

सकाळी टेप घेऊन निघाले. आमच्या गेटपासून भाजीच्या गाळ्यापर्यंत 1,140 पावलं. त्यातली 420 पावलं सोसायट्यांच्या कुंपणभिंतींना लागून. तेवढ्या पट्ट्यात एक खिडकी नाही, दुकान नाही, ओटा नाही. माणूस पडलं तर बघणारं कोणी नाही.

फुटपाथची कड 28 सेंटीमीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या सूचनांप्रमाणे ती 15 पेक्षा उंच नको. चालायला मोकळी जागा किमान 1.8 मीटर हवी. विजेच्या पेटीपाशी मला 60 सेंटीमीटर मिळाली. प्रत्येक गेटपाशी फुटपाथ तुटतो. उतरायचं, पुन्हा चढायचं. असं सात वेळा. आईसारखा उजवा गुडघा न वाकवता चढून पाहिलं, तर चौथ्या वेळी विजेच्या खांबाला धरावं लागलं. ती गाड्यांमधून, रस्त्याच्या कडेनं का चालते यावरून मी तिला किती बोलले आहे! फार वाईट वाटलं.

शनिवार, 11 डिसेंबर

महापालिकेचा पादचारी दिन. उंबऱ्या गणपती चौक ते गरुड गणपती चौक लक्ष्मी रस्त्यावर गाड्या बंद. आईला घेऊन गेले. मास्क नाकाखाली ओढून ती भर रस्त्याच्या मधोमध चालत होती, दुकानं बघत, थांबत. मग आपणहून एका बोळात वळली. तिथून दुसऱ्यात. गिरणीवाल्यांनी आतूनच विचारलं, “काकू, बरेच दिवसांनी?” दीड तास झाला तरी गुडघ्याचं नाव नाही.

पेठेतले फुटपाथ काही धड नाहीत, दुचाकींनी बोळ भरलेले असतात. तरी लोक चालतात, कारण दर दहा-बारा घरांवर वळण आहे, खाली दुकान वर बिऱ्हाड आहे, आणि काम पाच मिनिटांवर आहे. जेन जेकब्स यांनी 1961 साली ‘द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज’मध्ये हेच मांडलं: दोन वळणांमधलं अंतर कमी हवं आणि रस्त्यावर घरादुकानांतून नजर हवी. मी ते कॉलेजात वाचलं होतं. आज आईमागून चालताना कळलं.

सोमवार, 13 डिसेंबर

आमच्या सोसायटीला मागच्या बाजूला एक लोखंडी फाटक आहे, कायम कुलूपबंद. आज वॉचमनकाकांना विनंती करून उघडायला लावलं. त्यापलीकडे जुन्या गावठाणाचा बोळ: वाणी, इस्त्रीवाला, मारुतीचं देऊळ, आणि टोकाला तोच भाजीचा गाळा. फाटकापासून 210 पावलं. आईनं मेथीची जुडी घेतली, देवळाच्या पायरीवर टेकली, आणि माझ्याआधी परत निघाली.

कुलूप सुरक्षेसाठी आहे म्हणतात. पण त्या बोळात दिवसभर माणसं असतात, पुढच्या 420 पावलांच्या भिंतीशी नसतात. यातलं सुरक्षित कुठलं?

संध्याकाळी समितीला पत्र लिहिलं, मोजमापं जोडली. आमच्या इमारतीत साठीपुढची माणसं बरीच आहेत, त्यांच्या दारावरची बेल वाजवून सह्या घेते आहे. मागणं एकच: सकाळी 7 ते रात्री 9 मागच्या फाटकाचं कुलूप काढा.