कुक्कीवॉन ते मुजू

सेऊल शहराच्या मधून वाहणाऱ्या हान नदीच्या दक्षिण तीरावर गंगनम हा भाग वसला आहे. काचेच्या उंच इमारती, बँका, विमा कंपन्या आणि संगणक उद्योगांची कार्यालये यांनी तो दिवसभर गजबजलेला असतो. त्यातून जाणाऱ्या रुंद हमरस्त्याचे नाव मात्र परके आहे. तेहरान-रो, म्हणजे तेहरान मार्ग. १९७७ मध्ये इराणच्या राजधानीशी जुळलेल्या स्नेहाची ती खूण होय. गंगनम स्थानकातून बाहेर पडून या मार्गालगतच्या लहान रस्त्याने चढ चढू लागले की वाहनांचा आवाज हळूहळू मागे पडतो, झाडी दाट होते आणि टेकडीवर जुन्या कोरियन वळणाच्या कौलारू छपराची एक इमारत दिसू लागते. हे कुक्कीवॉन, जगभरातील तायक्वांदोपटूंचे माहेरघर.

भव्यतेची कल्पना मनाशी बाळगून येणारा प्रवासी येथे थोडा हिरमुसतो. इमारतीचे वय लपत नाही. मधोमध सरावाचे आणि स्पर्धांचे मोठे दालन, सभोवती प्रेक्षकांच्या रांगा, एक छोटेसे संग्रहालय आणि कार्यालये, एवढाच तिचा पसारा. पण ३० नोव्हेंबर १९७२ रोजी ही वास्तू उघडली आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात याच दालनात तायक्वांदोची पहिली जागतिक स्पर्धा भरली. स्पर्धा संपताच, २८ मे १९७३ रोजी, जागतिक महासंघाची स्थापनाही येथेच झाली. आज दोनशेहून अधिक देशांत पसरलेल्या या खेळाचे मूळ या एका टेकडीवर आहे, हे कळल्यावर त्या साध्या दालनाकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

या विद्येच्या नावातील ‘ते’ म्हणजे पाय, ‘क्वोन’ म्हणजे मूठ आणि ‘दो’ म्हणजे मार्ग. पायाचे आणि मुठीचे काम डोळ्यांना दिसते. मार्ग दिसत नाही. तायक्वांदोच्या गेल्या पन्नास वर्षांतील सारी ओढाताण या तिसऱ्या अक्षरासाठी चाललेली आहे, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

ही विद्या दोन हजार वर्षांची आहे, असे कोरियात अभिमानाने सांगितले जाते. प्राचीन कोगुर्यो राज्यातील थडग्यांच्या भिंतींवर पवित्रा घेऊन समोरासमोर उभे असलेले दोन पुरुष रंगवलेले आहेत, त्यांचा दाखला दिला जातो. सिल्ला राज्यातील ‘ह्वारांग’ या तरुण योद्ध्यांचीही आठवण काढली जाते. वोनग्वांग नावाच्या बौद्ध भिक्षूने त्यांना पाच नियम घालून दिले होते. त्यांतील शेवटचा नियम प्राण घेताना विवेक राखण्याचा होता. हा वारसा मोलाचा खराच, परंतु आज शिकवले जाणारे तायक्वांदो विसाव्या शतकात घडले, हेही तितकेच खरे. १९१० ते १९४५ या काळात कोरियावर जपानची सत्ता होती. जपानमध्ये शिकायला गेलेल्या कोरियन तरुणांनी तेथे कराटे आत्मसात केले, आणि मायदेश स्वतंत्र होण्याच्या सुमारास सेऊलमध्ये ‘क्वान’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निरनिराळ्या शाळा उघडल्या. प्रत्येक शाळेचे नाव वेगळे, पद्धत वेगळी. ११ एप्रिल १९५५ रोजी ‘तायक्वांदो’ हे एक नाव ठरले; त्यामागे जनरल चोई हाँग-ही यांचा आग्रह होता. परक्या सत्तेखाली दबलेल्या समाजाने मिळेल ते साहित्य घेऊन आपली वीट स्वतः भाजली, यात कमीपणा कसला? उलट, आपली ओळख पुन्हा उभी करण्याची ही धडपड त्या भिंतीवरील चित्रांहून अधिक हृद्य वाटते.

कुक्कीवॉनच्या कार्यालयांत चालणारे एक काम प्रवाशांच्या नजरेत सहसा भरत नाही. जगात कोठेही एखाद्याने या परंपरेतील काळा पट्टा मिळवला की त्याच्या प्रमाणपत्रावर येथली मोहोर उमटते. चलनी नोटेमागे जशी मध्यवर्ती बँकेची हमी असते, तसेच हे आहे. काळ्या पट्ट्याच्या श्रेणीला कोरियन भाषेत ‘दान’ म्हणतात. आपल्या दानधर्माशी त्याचा संबंध नाही, पण वेळेचे दान मात्र द्यावे लागते. पहिल्या दानानंतर दुसऱ्यासाठी किमान एक वर्ष थांबायचे, दुसऱ्यानंतर तिसऱ्यासाठी दोन, पुढे तीन, चार, पाच, अशी मुदत वाढत जाते. नवव्या दानापर्यंत पोहोचायला पहिल्या काळ्या पट्ट्यापासून तीन तपांहून अधिक काळ लागतो. ही ठेव मुदतीपूर्वी मोडता येत नाही. पंधरा वर्षांखालील मुलांना तर दान देतच नाहीत. त्यांच्यासाठी ‘पूम’ ही वेगळी श्रेणी आहे आणि त्यांचा पट्टा अर्धा लाल, अर्धा काळा असतो.

महाराष्ट्रातही पुण्यामुंबईपासून लहान शहरांपर्यंत शाळांच्या पटांगणांत संध्याकाळी पांढऱ्या पोशाखातील मुले ‘हाना, दुल, सेत’ असे कोरियन आकडे मोजत लाथा मारताना दिसतात. त्यांच्या पालकांचे लक्ष पुष्कळदा दहावीच्या क्रीडागुणांकडे आणि भिंतीवर टांगायच्या प्रमाणपत्राकडे असते. त्यात गैर काही नाही. तरी प्रमाणपत्र देणाऱ्या मूळ संस्थेने वाट पाहणे हाच अभ्यासक्रमाचा भाग मानला आहे, हे त्यांनी एकदा समजून घ्यायला हवे.

स्पर्धेने या विद्येला जग दिले. १९८८ च्या सेऊल आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये तायक्वांदोची केवळ प्रात्यक्षिक स्पर्धा झाली. ४ सप्टेंबर १९९४ रोजी पॅरिस येथील बैठकीत त्याला पदकांच्या खेळांत स्थान मिळाले आणि २००० साली सिडनीत पहिली पदके दिली गेली. येथे श्रीमंत देशांची मक्तेदारी चालली नाही. व्हिएतनामचे पहिले ऑलिंपिक पदक तायक्वांदोतले, २००८ मध्ये अफगाणिस्तानला मिळालेले पहिले पदक तायक्वांदोतले, आणि जॉर्डनचे पहिले पदक, तेही सुवर्ण, २०१६ मध्ये तायक्वांदोनेच दिले. ज्या तेहरानचे नाव कुक्कीवॉनच्या पायथ्याच्या रस्त्याला आहे, त्या इराणच्या हादी साई यांनी तीन ऑलिंपिकमध्ये मिळून दोन सुवर्ण आणि एक कांस्य जिंकले. गुरूंच्या देशाला तर टोकियोच्या स्पर्धेत एकही सुवर्ण मिळाले नाही. सेऊलमधील वृत्तपत्रांना ते झोंबले असेल, पण विद्या खरोखर परदेशी रुजल्याचा याहून मोठा पुरावा तो कोणता?

स्पर्धेने दुखणीही दिली. पंचांच्या निर्णयांवरून वाद होऊ लागले. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये क्यूबाच्या आंखेल मातोस याने निर्णयाच्या रागात पंचाच्याच तोंडावर लाथ मारली आणि त्याच्यावर आजन्म बंदी आली. ज्या विद्येचा पहिला धडा नमस्काराचा, तिच्या सर्वोच्च रंगमंचावर हे घडले. पुढील लंडन ऑलिंपिकपासून सेन्सर बसवलेले छातीकवच आणि तसेच पायमोजे आले; लाथ लागली की नाही, हे यंत्र सांगू लागले. आज छातीवरील साध्या लाथेला दोन गुण, डोक्यावरील लाथेला तीन, गिरकी घेऊन मारली तर अधिक, असा हिशेब चोख चालतो. अन्याय कमी झाला, हे निर्विवाद. मात्र खेळाडूंनी यंत्राचा स्वभाव ओळखला. पुढचा पाय उचलून धरायचा, प्रतिस्पर्ध्याला दूर ठेवायचे आणि कवचाला पुरेसा स्पर्श होईल एवढेच करायचे, असे डावपेच वाढले. जुने जाणकार या प्रकाराला पायांची तलवारबाजी म्हणून नाक मुरडतात. नियम वरचेवर बदलले जातात, खेळाडू त्यांतून नवी वाट काढतात. हिशेब जितका काटेकोर, तितकी पळवाटही काटेकोर, हा अनुभव केवळ क्रीडाक्षेत्राचा नाही.

गुणफलकाला न दिसणारे ते तिसरे अक्षर जपण्यासाठी कुक्कीवॉनने १९९२ मध्ये ‘हानमादांग’ हा जागतिक महोत्सव सुरू केला. मादांग म्हणजे अंगण. सर्वांनी मिळून जमण्याचे एक मोठे अंगण. आपल्याकडील गावच्या जत्रेत कुस्तीचा फड रंगतो, त्याची आठवण व्हावी. येथे कवच घालून झुंजण्यापेक्षा मुठीने, तळहाताच्या कडेने किंवा उंच उडी घेऊन लाकडी फळ्या फोडणे, पूमसे सादर करणे, स्वसंरक्षणाची प्रात्यक्षिके दाखवणे यांना महत्त्व असते. कोवळी मुले आणि केस पिकलेले गुरुजन आपापल्या वयोगटांत त्याच अंगणात उतरतात. फळी फुटते किंवा फुटत नाही. तिला पळवाट ठाऊक नसते. आणि साठी ओलांडलेला माणूस श्वास रोखून तिच्यासमोर उभा राहतो, तेव्हा समोर प्रतिस्पर्धी कोणीच नसतो.

पूमसे म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्याविरुद्ध ठरावीक क्रमाने करायच्या हालचालींची मालिका. २००६ पासून तिची स्वतंत्र जागतिक स्पर्धा होते. दहा गुणांपैकी चार अचूकतेला आणि सहा सादरीकरणाला असतात. वेग, बळ, लय आणि अंगी असलेले तेज यांचे मोजमाप पंचांनी डोळ्यांनी करायचे असते. २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत पूमसेला स्थान मिळाले. ऑलिंपिकचे दार मात्र अजून उघडलेले नाही.

गंगनमच्या टेकडीवर आता जागा उरलेली नाही. म्हणून या विद्येसाठी दूर डोंगरात एक आखे गाव वसवण्यात आले. सेऊलहून बसने दक्षिणेकडे सुमारे तीन तास गेल्यावर देओग्यू पर्वताच्या कुशीत मुजू हा तालुका लागतो. त्याचे सर्वोच्च शिखर १६१४ मीटर उंच आहे. हिवाळ्यात बर्फावरून घसरण्याच्या खेळासाठी आणि एरवी काजव्यांसाठी मुजू प्रसिद्ध आहे; काजव्यांच्या नावाने येथे दरवर्षी उत्सव भरतो. सिल्ला आणि पेक्चे या दोन प्राचीन राज्यांची सीमाही याच परिसरातून जात असे. अशा या मुलखात २०१४ मध्ये सुमारे २३ लाख चौरस मीटरवर ‘तायक्वांदोवॉन’ सुरू झाले. खास तायक्वांदोसाठी बांधलेले साडेचार हजार आसनांचे क्रीडागृह, राष्ट्रीय संग्रहालय, सरावाची दालने, निवासस्थाने आणि वर उतारावर जुन्या कोरियन बांधणीची लाकडी दालने असा त्याचा विस्तार आहे. दरी खाली पसरलेली, मागे डोंगर, आणि हवेत पाइनच्या झाडांचा वास.

येथे प्रशिक्षणाला येणारे परदेशी लोक आपापल्या देशांत स्वतः शिक्षक असतात. तरीही पहिल्या दिवशी त्यांना उभे राहण्यापासून शिकवले जाते. ‘चार्योत’ म्हटले की सावधान, ‘क्योंग्ने’ म्हटले की कमरेतून वाकून नमस्कार. पोशाख विस्कटला किंवा पट्टा सैल झाला तर ज्येष्ठांकडे तोंड करून तो नीट करायचा नाही. मागे वळायचे, पट्टा बांधायचा, पुन्हा समोर यायचे. ही लहानशी रीत कोणत्याही गुणपत्रिकेत नाही. ज्याच्या अंगी ती मुरली, त्याला भर स्पर्धेत पंचावर पाय उचलणे सुचेल असे वाटत नाही.

याच क्रीडागृहात जून २०१७ मध्ये जागतिक स्पर्धा भरली. तायक्वांदोचे नाव देणारे चोई हाँग-ही १९७२ मध्ये देश सोडून कॅनडाला गेले होते आणि पुढे त्यांची परंपरा उत्तर कोरियात रुजली. त्यामुळे एकाच विद्येच्या दोन शाखा, दोन महासंघ आणि दोन शत्रुराष्ट्रे असा पेच दशकानुदशके राहिला. त्या उत्तरेचे प्रात्यक्षिक पथक उद्घाटनासाठी मुजूला आले. दक्षिणेचे राष्ट्राध्यक्ष मून जे-इन समोर बसलेले होते. उत्तरेच्या खेळाडूंच्या पद्धतीत अंगाची लय निराळी, जोर निराळा. पण आज्ञा त्याच, भाषा तीच. पुढील फेब्रुवारीत प्याँगचांगच्या हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनाआधी दोन्ही पथकांनी मिळून प्रात्यक्षिके केली. राजकारणाचे वारे नंतर फिरले आणि ती जवळीक टिकली नाही. एका खेळावर इतके ओझे टाकणेही योग्य नव्हते.

तायक्वांदोवॉनमधील सरावाच्या दालनांतून फिरताना जमिनीवर आखलेल्या रेषा दिसतात. पूमसे याच रेषांवरून चालत पूर्ण करायचे असते आणि प्रत्येक पूमसेची रेषा ठरलेली असते. नवशिक्यांच्या आठ पूमसेंना ‘तेगुक’ म्हणतात. त्यांच्यामागे आकाश, तळे, अग्नी, मेघगर्जना, वारा, पाणी, पर्वत आणि पृथ्वी या आठ तत्त्वांची कल्पना आहे. त्यांपैकी चारांची चिन्हे कोरियाच्या राष्ट्रध्वजाच्या कोपऱ्यांत आढळतात. काळ्या पट्ट्यानंतर आणखी नऊ पूमसे येतात. त्यांतील सर्वांत शेवटच्याचे नाव ‘इल्यो’, म्हणजे एकरूपता. सिल्लाच्या काळातील वोनह्यो या भिक्षूच्या स्मरणार्थ ते रचलेले आहे. त्याची रेषा जमिनीवर उमटते ती स्वस्तिकाची. आपल्या दारातील रांगोळीत काढतो त्याच्या उलट दिशेने वळलेली, तरी पाहताक्षणी ओळखू येणारी. उंबरठ्यापाशी जोडे काढून, झुकून आत आलेले वृद्ध गुरुजी त्या न आखलेल्या चार भुजांवरून सावकाश पावले टाकत जातात आणि जेथून निघाले तेथेच येऊन थांबतात.