पावती मागायला शिका

२००६ साली केंद्र सरकारने सामाईक सेवा केंद्रांची योजना मंजूर केली. सेवा शासनाची, संगणक आणि चालक खाजगी, अशी ही भागीदारी. कचेरी सुटल्यावर आम्ही वस्तीतल्या मुलांच्या दाखल्यांसाठी अशा केंद्रात जातो. तालुक्याच्या खेपा टळतात, मजुराचा खाडा वाचतो, हे खरेच. पण चालक सांगेल ती रक्कम आपल्या मायबहिणी पदराची गाठ सोडून देतात, पावती मागत नाहीत. बंधुभगिनींनो, यंत्र कुणाचेही असो, दाखला हा आपला हक्क आहे. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे मुदत टळली तर अपील करता येते. तेव्हा दरफलक वाचा, पावती घ्या, तारीख जपून ठेवा. घरातल्या शिकलेल्या मुलीला सोबत न्या.