फर्रुख बलसारा कोणाचा?

जिवंतपणी ज्याला नावे ठेवली, त्याला मेल्यावर आपला म्हणण्याची घाई सगळ्यांनाच होते. 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडकडे आणि त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्याकडे आज जग ज्या नजरेने पाहते, ते पाहून हा विचार माझ्या मनात वारंवार येतो. उर्दू शाळेतल्या एका शिक्षिकेने इंग्रजी रॉक संगीतावर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण या गायकाचे महाराष्ट्राशी नाते आहे आणि आपल्या उर्दू-फारसी नावांशीही आहे.

बी.एड.ला असताना वसतिगृहातल्या मैत्रिणीच्या मोबाइलवर मी 'बोहेमियन रॅप्सडी' हे गाणे पहिल्यांदा ऐकले. शब्द फारसे कळत नव्हते. मध्येच 'बिस्मिल्लाह' ऐकू आले आणि मी दचकले. पुन्हा लावायला सांगितले. होय, बिस्मिल्लाहच! सुट्टीत घरी गेल्यावर अम्मीला ऐकवले. "अल्लाह का नाम और ये शोर?" एवढेच बोलून ती स्वयंपाकघरात गेली. माझ्या मनातून मात्र प्रश्न गेला नाही. हा माणूस कोण, आणि हा शब्द त्याच्या गाण्यात आला कुठून?

माहिती काढली तेव्हा कळले, की त्याचे जन्मनाव फर्रुख बलसारा. फर्रुख हा फारसी शब्द, अर्थ शुभ, भाग्यवान. फर्रुखसियर आणि फर्रुखाबाद यांतला तोच. कुटुंब पारशी, मूळचे गुजरातचे. बलसाडचे म्हणून बलसारा. वडील झांझिबारला, म्हणजे आपल्या जुन्या पुस्तकांतल्या जंगबारला, सरकारी नोकरीत होते. तिथेच ५ सप्टेंबर १९४६ रोजी फर्रुखचा जन्म झाला. त्या मुस्लिमबहुल बेटावर अजानचे सूर त्याच्या कानांवर पडतच असणार. आठ-नऊ वर्षांचा असताना त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाठवले गेले. तिथे तो पियानो शिकला, मित्रांबरोबर 'हेक्टिक्स' नावाचा बँड काढला आणि तिथेच फर्रुखचा फ्रेडी झाला. १९६४च्या क्रांतीनंतर बलसारा कुटुंब झांझिबार सोडून इंग्लंडला गेले. १९७०मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्याबरोबर त्याने 'क्वीन' सुरू केला, पुढच्या वर्षी जॉन डीकन येऊन मिळाला. आडनावही बदलले; बलसाराचा मर्क्युरी झाला. पुढे मुलाखतींत तो झांझिबार-पाचगणीबद्दल क्वचितच बोलला. त्या गाण्याचा अर्थही त्याने कधी उलगडून सांगितला नाही.

आज 'क्वीन'ची कीर्ती पाहताना एक गोष्ट विसरली जाते. श्रोत्यांनी त्यांना डोक्यावर घेतले, तरी समीक्षकांनी फारसे जवळ केले नव्हते. जवळपास सहा मिनिटांचे 'बोहेमियन रॅप्सडी' रेडिओवर कोण लावणार, अशी शंका १९७५मध्ये घेतली गेली. ते नऊ आठवडे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर राहिले. 'रोलिंग स्टोन' या अमेरिकन नियतकालिकातल्या समीक्षकाने १९७९मध्ये त्यांच्या 'जॅझ' या अल्बमचे परीक्षण करताना त्यांना चक्क फॅसिस्ट ठरवले. १९८४च्या एका गाण्याच्या चित्रफितीत चौघांनी गंमत म्हणून बायकांचे कपडे घातले, तर अमेरिकेत नाके मुरडली गेली. पुढे काळ फिरला. जून २००२मध्ये ब्रायन मेने राणीच्या राजवाड्याच्या छतावर उभे राहून गिटार वाजवली. २०२३मध्ये तो 'सर' झाला. ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेला अल्बम 'क्वीन'चाच आहे. आणि माझ्या वर्गातली मुले बाकांवर धप-धप-टाळी असा ठेका धरतात, तो १९७७च्या 'वी विल रॉक यू'चा असतो. बँडचे नाव विचारले तर एकालाही सांगता येत नाही. ठेका मात्र सगळ्यांचा आहे.

आजच्या पिढीला हा बँड प्रामुख्याने २०१८च्या 'बोहेमियन रॅप्सडी' या चित्रपटातून भेटला. त्यातील भूमिकेसाठी रामी मलेक या मूळच्या इजिप्शियन कुटुंबातल्या नटाला ऑस्कर मिळाले. चित्रपट मलाही आवडला. पण मी इतिहास शिकवते, त्यामुळे काही जागा खटकल्या. १३ जुलै १९८५च्या 'लाइव्ह एड' कार्यक्रमापूर्वी बँड जणू मोडला होता, असे चित्रपट दाखवतो. प्रत्यक्षात त्याच वर्षी मे महिन्यापर्यंत त्यांचा दौरा चालू होता. आणि १९८४मध्ये, दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाची राजवट असताना, संयुक्त राष्ट्रांचा सांस्कृतिक बहिष्कार झुगारून ते 'सन सिटी'त गायले, हे चित्रपटात नाहीच. ब्रिटनमधल्या वादकांच्या संघटनेने त्यांना त्याबद्दल दंड केला होता. ज्याचा गौरव करायचा त्याच्या चुका झाकल्याच पाहिजेत, असे आपल्याला का वाटते? फ्रेडीचे गाणे एवढे दुबळे नाही.

चुकाच नव्हे, माणूसही झाकला जातो. फ्रेडीचे प्रेम पुरुषांवरही होते. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आपल्याला एड्स असल्याचे जाहीर केले आणि दुसऱ्या दिवशी त्याचे निधन झाले. वय अवघे ४५. ज्या कुटुंबाचे नाव त्याने मागे टाकले, त्याच कुटुंबाने त्याला पारशी धर्मविधींनी निरोप दिला. २००४मध्ये इराणमध्ये 'क्वीन'च्या निवडक गाण्यांच्या कॅसेटला अधिकृत परवानगी मिळाली. काही प्रेमगीते वगळली गेली आणि गाण्यांचे अर्थ समजावणारे पत्रक सोबत दिले गेले. 'बिस्मिल्लाह'चे गाणे त्यात होते. २००६मध्ये झांझिबारला त्याच्या साठाव्या जन्मदिनाचा समारंभ ठरला, तेव्हा तिथल्या एका धार्मिक संघटनेने त्याच्या राहणीवर बोट ठेवून विरोध केला. समारंभ रद्द झाला. २०१९मध्ये त्याच शहरात त्याच्या नावाचे संग्रहालय उघडले. पर्यटक येतात. आमच्या शाळेची सहल पाचगणीला गेली होती, तेव्हा बसचालकानेही मोठ्या अभिमानाने सांगितले, "तो मोठा गायक इथंच शिकला." कोणी त्याचे घर घेतले, कोणी शाळा, कोणी एक शब्द. अख्खा फर्रुख कोणालाच नको आहे.

हे मला परके वाटत नाही. आपल्या समाजालाही असेच तुकड्यांनी स्वीकारले जाते. गझल हवी, कव्वाली हवी, ईदचा शीरखुर्मा हवा. भाड्याने घर मागायला गेलो की नाव आडवे येते. माझा एक माजी विद्यार्थी पुण्यात मोबाइलच्या दुकानात काम करतो. त्याचे नाव मोठे, सुंदर अरबी आहे. दुकानात त्याला सगळे 'सॅम' म्हणतात. मी विचारले तर हसून म्हणाला, "टीचर, आसान पडता है." कोणाला आसान, ते त्याने सांगितले नाही आणि मीही खोदून विचारले नाही.

पण बोट फक्त दुसऱ्यांकडे दाखवून भागत नाही. आपल्या मोहल्ल्यातही जो मुलगा गातो, जो जरा वेगळा चालतो-बोलतो, त्याला आपण कोणती नावे ठेवतो? त्याने उद्या नाव कमावले की 'हमारा बच्चा' म्हणायला आपणच पुढे असू. फ्रेडीचे सगळे जगणे मला पटते असे नाही, आणि पटायची गरजही नाही. एखाद्याचे सगळे पटल्याशिवाय त्याला माणूस म्हणून वागवायचे नाही, असे कोणत्या मजहबने सांगितले आहे?

पाचगणीला आलेला तो आठ-नऊ वर्षांचा, पुढे आलेल्या दातांचा, घरापासून दूरचा मुलगा तेव्हा कोणाचाच अभिमान नव्हता. अशी मुले आज आपल्या वर्गांत बसलेली आहेत. त्यांच्याशी कसे वागायचे ते आपल्याला आजच ठरवावे लागेल. संग्रहालये काय, नंतर कोणीही उभारते.