अर्धा तास स्पॅनिशचा

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची शुश्रूषा करताना आपले स्वतःचे बोलणे हळूहळू आटत जाते. माझे यजमान एकच प्रश्न दिवसातून अनेकदा विचारतात आणि मी तेच उत्तर देते. औषध, जेवण, स्नान, झोप एवढ्या शब्दांत आमचा दिवस मावतो. रत्नागिरीच्या पावसाळ्यात तर घराबाहेर पडणेही अवघड. अशा दिवसांत, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, मी दूरचित्रवाणी मालिका पाहून स्पॅनिश शिकू लागले.

मालिकेचे नाव 'देस्तिनोस'. १९९२ साली अमेरिकेत खास स्पॅनिश शिकविण्यासाठी तयार झालेली ही मालिका अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ५२ भागांची आहे. मेक्सिकोतील वृद्ध, आजारी डॉन फेर्नांदो यांना एक पत्र येते. १९३७ मध्ये गेर्निकावर झालेल्या बॉम्बहल्ल्यात आपली पहिली पत्नी गेली, असे ते आयुष्यभर समजत आलेले असतात. पत्रामुळे ती समजूत डळमळते. शोध घेण्यासाठी राकेल ही वकील स्पेनला जाते. पुढे काय होते या ओढीने मी भाग पाहत राहते आणि तेच तेच शब्द पुन्हा कानी पडून आपोआप रुजतात.

प्रत्येक भाग मी दोनदा पाहते. प्रथम न थांबता, केवळ कथेसाठी. दुसऱ्या वेळी थांबवत, वाक्ये मोठ्याने म्हणत. पाच नवे शब्द वहीत देवनागरीत लिहिते. त्याहून अधिक नाही.

मराठीची मदत अनपेक्षित होती. स्पॅनिशमधील 'त' आणि 'द' आपल्यासारखेच दंत्य आहेत. 'तू' आणि 'उस्तेद' हा भेद आपल्या 'तू' आणि 'आपण' यांसारखा. 'मे गुस्ता एल मांगो' म्हणजे 'मला आंबा आवडतो'. आंबे अनेक झाले की 'गुस्तान', जसे आपले 'आवडतात'. इंग्रजीत आवडणारा माणूस कर्ता असतो. येथे मात्र क्रियापद, मराठीप्रमाणेच, आंब्यामागे चालते. बटाटा, पाव, चावी हे शब्द तर स्पॅनिशच्या भगिनीभाषेतून, पोर्तुगीजमधून, आपल्याकडे कधीच आलेले आहेत.

याने स्मृती शाबूत राहते का, असे मला विचारले जाते. डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादमध्ये स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे त्यात आढळले; निरक्षरांतही हा फरक दिसला. मात्र ती माणसे पूर्वीपासूनच अनेक भाषांत वावरलेली होती. म्हणून मी स्पॅनिशला औषध मानत नाही. विसरभोळेपणा वाढत असेल तर डॉक्टरांकडेच जावे.

मला मिळाले ते वेगळेच. दिवसभरात जुने शब्द निसटताना पाहणाऱ्या मला रोज पाच नवे शब्द मिळतात. यजमान बहुधा शेजारी बसतात. कथा त्यांना उमगत नाही, पण माझ्यामागून एखादा शब्द म्हणतात आणि आम्ही दोघे हसतो. कधी ते अस्वस्थ असतात. तेव्हा संच बंद करून मी त्यांच्यापाशी बसते.

शुश्रूषा करणाऱ्यांनी असा अर्धा तास राखावा. भाषा कानडी असो वा बंगाली. घरातील कोणी तेवढा वेळ रुग्णापाशी बसणार असेल, तर संकोच न करता त्यांना तसे सांगावे.