लाल त्रिकोणातली चौघं

आमच्या तालुक्याच्या थेटरात दिवे मालवले की आधी फिल्म्स डिव्हिजन. १९४८ साली मुंबईत सुरू झालेल्या या सरकारी खात्याचं एखादं तरी रीळ दाखवल्याशिवाय सिनेमा लावता येत नसे. परवान्यातच तशी अट. धरण, पूर, फीत कापणारे मंत्री आणि मागून तो भारदस्त आवाज. पब्लिक खुशाल शेंगा सोलत बसे. सरकार बोलतंय हे पोराटोरांनाही कळायचं, म्हणून कुणी फारसं मनावर घेत नसे.

भिंतीवरचा कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण मात्र मनात शिरला. शेजारी चार हसरे चेहरे : आई, बाबा, एक मुलगा, एक मुलगी. आम्ही भावंडं पाच. दवाखान्याच्या त्या भिंतीवरून जाताना आई झपझप पावलं टाकायची, जणू आमच्यातले तीन जण कुणी मोजू नयेत. पलीकडे दुसरं चित्र असे : फाटक्या कपड्यांतली पोरं, कपाळाला हात लावून बसलेला बाप. चौकोनी कुटुंबाकडे रेडिओ, इस्त्रीचे कपडे आणि (हे मला फार उशिरा दिसलं) गोरा रंगसुद्धा. गरिबी येते ती पोरांमुळेच, एवढंच ते चित्र सांगायचं. जमीन कुणाकडे किती, रोजगार किती, हे त्यात कुठून येणार? आणि चित्र भिंतीवरच थांबलं नाही. आणीबाणीत, १९७६ साली, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून त्याचा कायदा झाला नाही.

२०२२ साली फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झाली. रिळाची आता रील झाली आहे. नात दिवसभर बघते. कुणी काढली, पैसे कुणी दिले, काही पत्ता नाही. गाणं मात्र झकास. मी विचारतो, “हे बोलतंय कोण?” ती म्हणते, “कोणी नाही हो आजोबा, रील आहे.” तो भारदस्त आवाज कितीही कंटाळवाणा असो, निदान आपलं नाव आधी सांगायचा.

परवा तिच्या फोनवर फ्लॅटची जाहिरात आली. बाल्कनीत चौघं उभी होती : आई, बाबा, एक मुलगा, एक मुलगी. चौघंही गोरी. लाल त्रिकोण तेवढा नव्हता.