कानाआडची सृष्टी

माणसाला स्वतःचे दोष दिसत नाहीत, असे म्हणतात. माझा एक दोष मला तीन वर्षे ऐकू आला नाही, त्याची ही हकीकत.

या तीन वर्षांत जो भेटेल त्याला मी सांगत सुटलो होतो, "महाबळेश्वरचे पक्षी संपले हो!" हे सांगताना माझा स्वर असा काही भरून येई, की समोरच्याने चहाचा कप खाली ठेवावा. एका सभेत तर मी याच विषयावर पाऊण तास बोललो. श्रोत्यांतल्या एक बाई पदराने डोळे टिपत होत्या! बरे, हे हवेतले बोलणे नव्हते. मजपाशी पुरावा होता. १९८५ पासून दर मे महिन्यात आठवडाभर महाबळेश्वरी जायचे, पहाटे रानात हिंडायचे आणि काय आढळले ते वहीत टिपायचे, हा माझा नेम. जुन्या वह्यांत पानोपानी चष्मेवाला, फुलटोचा, शिंजीर यांची नावे. शेवटच्या तीन वह्यांत ती जवळजवळ नाहीतच. आणखी काय पुरावा हवा?

यंदा बरोबर नात होती. वय वर्षे नऊ. क्षेत्र महाबळेश्वरचे पंचगंगेचे देऊळ मागे टाकून आम्ही ऑर्थरसीटच्या बाजूला चालू लागलो, तेव्हा पुरते उजाडलेही नव्हते. सुमारे ४,५०० फूट उंचीवरची पहाट ती. खाली कोकणात माणसे घामाने निथळत असतील, इथे आजीने बळेच चढवलेला स्वेटर हवासा वाटत होता. ओढ्याच्या अंगाने, जांभळीच्या गर्दीतून एकाएकी कुणीतरी शीळ घातली. सूर धरला, सोडला, पुन्हा धरून भलतीकडेच नेला.

"आजोबा, कोण हो तो मुलगा?"

मी खूश झालो. तो मुलगा नव्हे, शीळकरी कस्तूर. पण इंग्रजांनीही त्याचे नाव शीळ घालणारा शाळकरी पोर असेच ठेवले होते, हे मी तिला सांगितले.

"मग शाळा बुडवून आलाय," ती म्हणाली.

पुढे कुटुर्ग्यांनी एकसारखे 'कुट्रू-कुट्रू' आरंभले, शिपाई बुलबुल तुरे उभारून करवंदांवर उतरले. सगळे ठरल्याप्रमाणे चालले होते. तोच ती थबकली.

"आणि वरती हे कोण बोलतायत?"

"कुठे?"

"हे काय! किती बोलतायत!"

मी कान दिला. वाऱ्याखेरीज काही नव्हते. पक्षीनिरीक्षणात कल्पनेच्या भराऱ्या चालत नाहीत, असे मी जरा कडक आवाजातच तिला समजावले. तिने मुकाट्याने बोट वर केले. मी दुर्बीण डोळ्यांना लावली, तो काय! हिरव्या-पिवळ्या अंगाचे, डोळ्यांभोवती पांढरे कडे असलेले पाच-सहा चष्मेवाले पानापानांतून किडे टिपत होते. त्यांच्या चोची उघडत होत्या, मिटत होत्या, इवलेसे गळे थरथरत होते. आणि आवाज मात्र नाही! थिएटरात ऐन गाण्याच्या वेळी ध्वनी बंद पडावा, तसे ते दृश्य मी बघत राहिलो.

पुढच्या तासाभरात तिने बांडगुळावरचा फुलटोचा दाखवला. आपल्या देशातल्या अगदी लहान पक्ष्यांपैकी हा एक. बांडगुळाची फळे तो खातो, त्यांची चिकट बी फांदीला चिकटून तिथेच रुजते, आणि असे ते बांडगूळ झाडाझाडांवर पसरते. हे ज्ञान माझे, पक्षी तिचा. मग एक शिंजीर. तोही तिचाच. प्रत्येक वेळी आधी तिचा कान वळे, मग माझी दुर्बीण.

कड्यापाशी येऊन बसलो. खाली सावित्रीचे खोरे, पाकोळ्या वाऱ्यावर झोकून देत होत्या. वयपरत्वे कानाच्या शंखातल्या उंच स्वर टिपणाऱ्या पेशी आधी झिजतात, हे मी वाचले होते. कस्तुराची शीळ खालच्या पट्टीतली, ती पोचते. चष्मेवाल्याची बारीक किणकिण पोचत नाही. पक्षी अनेक ठिकाणी घटत आहेत, हे खोटे नाही. पण माझ्या वहीतून गेलेले हे पक्षी रानातून गेलेच नव्हते. चष्मेवाला मी शेवटचा कधी ऐकला, याची नोंद नाही. तो शेवटचा आहे, हे त्या दिवशी मला कुठे ठाऊक होते!

"आजोबा, तुम्हाला ऐकू नाही येत?" तिने हळूच विचारले.

"नाही गं. कसा असतो तो आवाज?"

ती विचारात पडली. "आजी पर्समध्ये किल्ल्या शोधते ना, तसा. पण लांबून."

मला चटकन आठवला. अगदी तस्साच!

घरी येऊन हिला सगळे सांगितले. ही म्हणाली, "अहो, तीन वर्षं मी दुसरं काय सांगतेय?" यावर मला ऐकू आले नाही, असे म्हणण्याची सोय उरली नव्हती. चाळिशीत चष्मा लावताना मी लाजलो नव्हतो. मग कानाच्या यंत्रालाच एवढे का भ्यावे? जूनमध्ये ते घेतले. सगळे परत आले असे नाही, पण खिडकीतल्या जास्वंदीवरचा शिंजीर परवा ऐकला. आणि त्या सभेच्या चिटणिसांना पत्र लिहून दहा मिनिटे मागून घेतली आहेत. त्या बाई आल्या तर त्यांची क्षमा मागायची आहे.

यंदाच्या वहीत मी प्रत्येक पानाचे दोन भाग केले आहेत. 'पाहिले' माझ्या अक्षरात, 'ऐकले' तिच्या. तिची बाजू लांब आहे. शुद्धलेखन मात्र तपासावे लागते.