लाज नको, तपासून घ्या



मी नर्सच्या कामातून निवृत्त झाले, तरी ओळखीच्या मुली अजून दुखणीखुपणी सांगायला येतात. मागच्या हिवाळ्यात शेजारची सव्वीस वर्षांची मुलगी आली. "मावशी, आईला सांगू नका," म्हणाली. दोन आठवडे तिच्या ब्रावर एकाच बाजूला लालसर डाग पडत होता. गाठ नाही, दुखणे नाही. कॅन्सरच्या भीतीने झोप उडालेली, पण लाजेपायी डॉक्टरकडे जात नव्हती.

तिला सांगितले तेच इथे लिहिते. स्तनाच्या बोंडातून पाणी येणे तरुणपणी बहुतेक वेळा साध्या कारणाने होते. दोन्हीकडून दुधासारखे आले तर गरोदरपण, थायरॉइड, प्रोलॅक्टिन हार्मोन आणि चालू औषधे तपासतात. पू किंवा ताप असेल तर जंतुसंसर्ग असू शकतो. पण न दाबता, एकाच बाजूने रक्ताळ किंवा नितळ पाण्यासारखे आले, किंवा गाठ लागली, तर लगेच दाखवावे. तेव्हाही पुष्कळदा दुधाच्या नळीतला पॅपिलोमा नावाचा साधा कोंबच निघतो. कधी कधी मात्र कॅन्सर असतो, आणि तपासल्याशिवाय फरक कळत नाही.

तिशीच्या आत स्तन घट्ट असतात, मॅमोग्राफीत नीट दिसत नाही. म्हणून आधी अल्ट्रासाउंड करतात. त्यात सुई नाही, क्ष-किरण नाहीत. पुढे गरजेप्रमाणे मॅमोग्राफी, एमआरआय किंवा सुईने तुकडा काढून तपासणी. रंग आणि बाजू लिहून ठेवा. पुन्हा पुन्हा पिळून बघू नका, त्याने स्राव वाढतो.

मी तिच्याबरोबर कुपत-होलिममध्ये गेले. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कोणाला स्तनाचा कॅन्सर होता का?" तिला ठाऊक नव्हतं. शेवटी तिने आईला विचारलं. आई रडत म्हणाली, "माझ्या आईला होता गं. आम्ही कोणाला बोललो नाही."

मुलीचा पॅपिलोमाच निघाला. लहानसं ऑपरेशन झालं, आता ती ठीक आहे. पण आजीची गोष्ट कळल्यामुळे पुढची तपासणी कधीपासून करायची ते डॉक्टरांनी ठरवून दिलं.

म्हणून आज्यांनो, आईकडच्या आणि बापाकडच्याही कोणाला, कोणत्या वयात हा आजार झाला ते नातींना सांगा. आणि मुलींनो, असलं दुखणं अंगावर काढू नका. आईला नाही तर आजीला सांगा, पण सांगा.